वॉर्डातील ग्लुकोमीटर आणि लॅबचा रिपोर्ट: तुलना कशी करावी?

परिसेविका, मेडिसिन वॉर्ड
नमस्कार. आमच्या वॉर्डात दोन कंपन्यांचे ग्लुकोमीटर आहेत आणि एकाच रुग्णाची साखर त्यांवर बरेचदा वेगवेगळी येते. परवा एका रुग्णाची साखर मीटरवर २१४ (मिग्रॅ/डेसिलिटर) आली, तर त्याच वेळी घेतलेल्या नमुन्याचा लॅबचा रिपोर्ट १७८ आला. इन्सुलिनचा डोस कोणत्या आकड्यावर ठरवायचा, यावरून निवासी डॉक्टरांमध्येच मतभेद झाले. कंट्रोल सोल्युशनची (साखरेचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाची) तपासणी दोन्ही मीटरवर व्यवस्थित येते. मग कोणते मीटर अधिक अचूक, हे कसे ठरवावे?

लॅबवाला
ताई, आधी लॅबच्या आकड्याबद्दलच विचारतो: नमुना सेंट्रिफ्यूज कधी झाला, म्हणजे यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी कधी वेगळ्या केल्या? प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा केला नाही, तर रक्तपेशी साधारण तासाला ५ ते ७ टक्के साखर वापरून टाकतात आणि ती रोखण्यासाठी असलेल्या फ्लोराइडच्या नळीतही ही घट लगेच थांबत नाही. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तातील साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते. त्यामुळे शिरेतून एकदाच रक्त घ्यावे, स्ट्रिप त्यासाठी चालत असल्यास त्यातलाच थेंब दोन्ही मीटरवर लावावा आणि उरलेला नमुना ताबडतोब लॅबला द्यावा. कमी, मध्यम व जास्त साखरेचे रुग्ण त्यात हवेत. नुसता सहसंबंध (दोन्ही आकडे सोबतीने वाढतात-घटतात का, हे) काढून समाधान मानू नका. नेहमी २० टक्के जास्त दाखवणाऱ्या मीटरचाही सहसंबंध उत्तमच येतो. प्रत्येक जोडीतला फरक पाहावा. आयएसओ १५१९७ (२०१३) या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० व त्यावरील साखरेला ९५ टक्के निकाल ±१५ टक्क्यांत हवेत, पण ते मानक घरगुती वापराच्या मीटरसाठी आहे. रुग्णालयातील मीटरसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची २०१६ ची अपेक्षा अधिक कडक आहे: ७५ व त्यापुढे ±१२ टक्के. तुमचा फरक २० टक्के, म्हणजे दोन्हींच्या बाहेर.

अतिदक्षता विभागातून
रुग्णाचे हिमोग्लोबिनही पाहा. तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक मीटर साखर जास्त दाखवतात. कंट्रोल सोल्युशनमध्ये तांबड्या पेशीच नसल्याने हा दोष त्यात कधी दिसणार नाही. शॉकमधील (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) किंवा रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनॅलिन चालू असलेल्या रुग्णाच्या बोटातील थेंबावर आम्ही इन्सुलिन ठरवत नाही. पेरिटोनियल (पोटातून होणाऱ्या) डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण वापरत असल्यास जीडीएच-पीक्यूक्यू या विकरावर चालणारी स्ट्रिप मुळीच वापरू नये. आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज तयार होते, ती स्ट्रिप त्यालाच ग्लुकोज समजते आणि हायपोग्लायसेमिया (साखर फार कमी होणे) झाकला जातो, जो प्राणघातक ठरू शकतो. स्पिरिट न सुकलेले बोट आणि झाकण उघडी राहिलेली स्ट्रिपची डबी, विशेषतः पावसाळ्यात, ही चुकीच्या आकड्याची कारणे तर नेहमीचीच.

परिसेविका, मेडिसिन वॉर्ड
आभारी आहे. केसपेपर पाहिला, हिमोग्लोबिन ६.८, म्हणजे बरेच कमी आहे आणि वॉर्डबॉयची फेरी होईपर्यंत नमुना ट्रेमध्येच होता. म्हणजे एका कारणाने मीटरचा आकडा वर गेला असेल आणि दुसऱ्याने लॅबचा खाली आला असेल. नमुने हातोहात लॅबला पोचवण्याची व्यवस्था करून मगच दोन्ही मीटरची तुलना घेऊ. तोपर्यंत नवीन मीटरची मागणी थांबवते.