मदत हवी आहे: डोनोव्हन मिचेलच्या ७१ पॉइंट्सपुढे लाल फुली मारायची का?

वहीवाली

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण माझ्यात आणि धाकट्या भावात तीन दिवस वाद चाललाय आणि आम्हा दोघांच्या डोक्याबाहेरचं आहे ते.

मी एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) अशा मॅचेसची एक वही ठेवते जिथे एकट्या खेळाडूने ७० किंवा त्याहून जास्त पॉइंट्स केले. हाताने लिहिलेली. प्रत्येक मॅचला एक पान, त्यावर तारीख, समोरची टीम, किती शॉट मारले किती गेले, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट) किती, आणि शेवटचा रकाना 'वाद'. बहुतेक पानांवर हा रकाना कोरा आहे. विल्ट चेंबरलेनची सगळी पानं अजून व्हायची आहेत (त्याचीच सहा होतात!) पण १९६२ चे १०० आहेत, डेव्हिड थॉम्प्सनचे ७३, डेव्हिड रॉबिन्सनचे ७१, कोबीचे ८१, बुकरचे ७०, लिलर्डचे ७१, एम्बीडचे ७०, लुकाचे ७३ असं बरंच झालंय.

अडलंय ते २ जानेवारी २०२३ च्या पानावर. क्लीव्हलंड विरुद्ध शिकागो, मिचेलचे ७१. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, साधारण साडेचार सेकंद उरलेले, शिकागो १३०-१२७ ने पुढे, मिचेलला दोन फ्री थ्रो. पहिला गेला. एका पॉइंटने बरोबरी होणार नव्हती म्हणून दुसरा त्याने मुद्दाम चुकवला, स्वतःच धावत जाऊन रीबाउंड घेतला (हुकलेला बॉल पकडला) आणि पडता पडता बॉल आत टाकला. १३०-१३०. ओव्हरटाइम, म्हणजे जादा पाच मिनिटं. तिथे क्लीव्हलंडने १५ पॉइंट्स केले त्यातले १३ एकट्या मिचेलचे, मॅच १४५-१३४ ने जिंकले.

मग दुसऱ्या दिवशी लीगचा शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्ट आला आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की बॉल रिंगेला लागायच्या आधीच मिचेलने फ्री थ्रोची रेषा ओलांडली होती, लेन व्हायोलेशन द्यायला हवं होतं. म्हणजे ती बास्केट व्हायलाच नको होती!

मी ती क्लिप इतक्यांदा थांबवून थांबवून बघितलीय की डोळे मिटले तरी दिसते. बॉल हातातून सुटतो, अजून हवेत आहे, आणि ह्याचा पाय रेषेच्या पलीकडे. नुसत्या डोळ्यांनी सलग बघितलं तर कळतसुद्धा नाही. भाऊ म्हणतो लीगने स्वतः कबूल केलंय तर ताई तू पानावर लाल फुली मार, हा रेकॉर्ड खोटा आहे. मला फुली मारवत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही. लीग चूक मान्य करते आणि तरी आकडे तसेच ठेवते, हे कसं? मॅचचा निकाल बदलता येत नाही का, निदान पॉइंट्स तरी? आणि माझ्या वहीत मी नक्की काय लिहावं? खरंच मनापासून विचारतेय, चेष्टा करू नका प्लीज.

---

शिट्टी_गळ्यात

ताई, चेष्टा कोण करेल, चांगला प्रश्न आहे. मी हौशी मॅचेसना रेफरी असतो म्हणून थोडं त्या बाजूने सांगतो.

चुका दोन जातीच्या असतात हे आधी लक्षात घ्या. एक म्हणजे दिसण्यातली चूक, रेफरीने बघितलं नाही किंवा चुकीचं बघितलं. दुसरी म्हणजे नियमच चुकीचा लावला किंवा टेबलावर स्कोअर लिहिणाऱ्या माणसाने मोजण्यात घोळ केला. पहिल्या जातीच्या चुकीवर मॅच परत कधीच होत नाही, कितीही कबुली द्या. दुसऱ्या जातीत प्रोटेस्ट करता येतो, आणि तोही क्वचितच मान्य होतो.

मान्य झालेला एक तुम्हाला सांगतो. १९ डिसेंबर २००७, अटलांटा विरुद्ध मायामी. ओव्हरटाइममध्ये टेबलाने शकील ओ'नीलचे सहा फाउल झाले म्हणून त्याला बाहेर काढलं, प्रत्यक्षात त्याचे पाचच होते. मायामीने प्रोटेस्ट केला आणि लीगने तो धरला, शेवटची ५१.९ सेकंद परत खेळायला लावली. ती खेळली गेली ८ मार्च २००८ ला, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी, आणि तोवर शकीलची टीमच बदलली होती, तो फिनिक्सला गेला होता! ज्याच्यासाठी एवढं केलं तोच नाही. त्या ५१.९ सेकंदांत कुणी एकही पॉइंट केला नाही, अटलांटा होती तशी ११४-१११ जिंकली. त्याआधी असा प्रोटेस्ट मान्य झाला होता तो १९८२ मध्ये. इतकं दुर्मिळ आहे हे.

मिचेलचा पाय पहिल्या जातीत येतो. नियम सगळ्यांना माहीत होता, पाय कुणाला दिसला नाही. आणि मी हे अनुभवाने सांगतो, शेवटच्या फ्री थ्रोला रिंगेखाली पाच-सहा जण एकमेकांना कोपरं लावून उभे असतात, कोण कुणाला ढकलतंय, कोण लवकर आत शिरतंय ह्याच्यावरच सगळं लक्ष असतं. मारणारा सहसा जागेवरच उभा राहतो म्हणून त्याच्या पायाकडे नजर जात नाही. माझ्याही हातून असा पाय सुटलाय एका मॅचमध्ये, नंतर कुणीतरी मोबाईलवर दाखवला, रात्रभर झोप नाही लागली. पण मॅच संपली की संपली.

---

बॉक्सस्कोर_प्रेमी

शिट्टीवाल्या दादांशी सहमत, फक्त एक भर. पॉइंट्स बदलत नाहीत पण बाकीचे आकडे लीग बदलते हं, तेही दुसऱ्या दिवशी. ५ मार्च २०२३, वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदांना मिलवॉकीच्या यानिसने स्वतःच बॉल रिंगेकडे फेकून स्वतःच पकडला कारण ट्रिपल डबलला (एकाच मॅचमध्ये तीन रकान्यांत दहा किंवा जास्त) एकच रीबाउंड कमी होता. दुसऱ्या दिवशी लीगने सांगितलं तो शॉटच नव्हता म्हणून रीबाउंड नाही, गेला ट्रिपल डबल. २००३ मध्ये क्लीव्हलंडच्याच रिकी डेव्हिसने तर स्वतःच्या टीमच्या रिंगेवर बॉल मारला होता रीबाउंडसाठी, समोरच्या यूटाच्या खेळाडूने चिडून त्याला फाउल केला, आणि नंतर दंड त्याच्या स्वतःच्याच टीमने केला.

तर भावाला सांगा, लीगला आकडे खोडता येतात. रीबाउंड म्हणावा की नाही हा मोजणाऱ्याचा निर्णय, तो नंतर सुधारता येतो. पण बास्केट मोजली की पुढचा खेळ तिच्यावर उभा राहतो, ती मागून काढली तर पुढच्या पाच मिनिटांचं काय करणार?

---

जुना_चाहता

मला ह्या सगळ्यात वेगळंच खटकतं. भावाला मिचेलचा पाय दिसतो, मग बाकीच्या पानांचं काय? ताई तुमच्या वहीतल्या किती पानांवरचा 'वाद' रकाना खरंच कोरा राहील?

विल्टचे १०० घ्या. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फिया १६९ न्यूयॉर्क १४७. शेवटी शेवटी न्यूयॉर्कचे खेळाडू विल्टकडे बॉल जाऊ नये म्हणून त्याच्या साथीदारांना मुद्दाम फाउल करायला लागले आणि फिलाडेल्फियाचे लोक बॉल परत मिळावा म्हणून न्यूयॉर्कला फाउल करायला लागले. १९९४ मध्ये रॉबिन्सनचे ७१, सीझनच्या शेवटच्या दिवशी, स्कोअरिंगमध्ये शकीलला मागे टाकायचं म्हणून सगळी टीम त्यालाच बॉल देत होती. २०१७ मध्ये बुकरचे ७० झाले तेव्हा फिनिक्स हरतच होती, १२०-१३०, तरी शेवटी टाइमआउट घेतले, मुद्दाम फाउल केले, बॉस्टनवाले जाम चिडले होते. मारा मग सगळ्यांना फुली.

---

शिट्टी_गळ्यात

जुने चाहते, इथे मी तुमच्याशी नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं नियमात बसतं. मुद्दाम फाउल केला तर त्याची किंमत नियमातच ठरलेली आहे, टाइमआउट शिल्लक असेल तर तो घेता येतो. बघायला आवडत नाही हे मान्य, मलाही बुकरची ती शेवटची मिनिटं बघवली नाहीत. पण तिथे शिट्टी चुकली नव्हती. मिचेलच्या मॅचमध्ये शिट्टी चुकली. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात नका भरू.

---

बॉक्सस्कोर_प्रेमी

फ्री थ्रोवरून पण लोक असंच भांडतात. "अमक्याचे पॉइंट्स रेफरींनी दिले." अरे आकडे बघा ना. विल्टचे फ्री थ्रो ३२ पैकी २८, आणि हा माणूस फ्री थ्रोला बदनाम होता, करिअरभर निम्म्याच्या आसपास! बुकर २६ पैकी २४, एम्बीड २३ पैकी २१, मिचेल २५ पैकी २०. कोबी २० पैकी १८ म्हणजे ८१ मधले ६३ खेळता खेळता. लिलर्डचे फक्त १४, चौदाच्या चौदा, आणि १३ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंट्सचे शॉट). ज्याला हे फुकटचे पॉइंट्स वाटतात त्याने हेही बघावं की फाउल काढण्याच्या युक्त्या वाढल्या तेव्हा लीगनेच २०२१-२२ च्या सीझनला लगाम घातला, शॉट मारताना विनाकारण बाजूला किंवा मागे उडी घेऊन डिफेंडरवर आदळायचं आणि फाउल मागायचा हे बंद केलं. एम्बीड, लुका, मिचेल, लिलर्ड हे सगळे त्याच्या नंतरचे.

---

वहीवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, आज भावाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तो थोडा नरमलाय पण त्याने वही ओढून घेऊन एक हिशोब मांडला आणि तो बघून मीच गप्प झाले, तो इथे टाकते.

ती बास्केट मोजली नसती तर मिचेलचे किती? ७१ मधून ओव्हरटाइमचे १३ गेले, ५८. त्यातून ते २ गेले, ५६. आणि क्लीव्हलंडचा तोपर्यंतचा एका मॅचमधला रेकॉर्ड किती होता माहितीये का, ५७! २०१५ मध्ये कायरी अर्विंग, २०१७ मध्ये लेब्रॉन. म्हणजे ज्या बास्केटला पाय पुढे होता त्याच बास्केटने तो ५६ वरून ५८ वर गेला आणि टीमचा रेकॉर्ड मोडला. अगदी त्याच एका शॉटने. मला हे आधी सुचलंच नव्हतं, मी नुसती ७१ कडे बघत होते.

आता खरं सांगू तर मला जास्त वाईट शिकागोसाठी वाटतंय. शिट्टी वाजली असती तर १३०-१२८ आणि बॉल त्यांचा, साधारण साडेचार सेकंद. लोक मिचेलच्या आकड्यावर भांडतात पण मॅच तर त्यांची गेली.

अजून एक विचारायचं होतं. असे रिपोर्ट मला बाकीच्या मॅचेसचे कुठे मिळतील, कोबीच्या, रॉबिन्सनच्या? म्हणजे सगळ्या पानांना सारखाच न्याय देता येईल.

---

शिट्टी_गळ्यात

ताई, तिथेच तर गोम आहे. हे रिपोर्ट मार्च २०१५ पासून सुरू झाले, त्याआधीचे नाहीतच. त्यामुळे विल्ट, थॉम्प्सन, रॉबिन्सन, कोबी कुणाचाच नाही. आणि नंतरच्याही सगळ्या मॅचेसचे निघत नाहीत, शेवटच्या दोन मिनिटांत फरक ३ किंवा त्याहून कमी झाला असेल तरच. लिलर्डचे ७१ झाले ती मॅच १३१-११४ ने संपली, तिथे कोण भिंग घेऊन बसणार? शिवाय रिपोर्ट फक्त शेवटच्या दोन मिनिटांचा आणि ओव्हरटाइमचा, आधीच्या शेहेचाळीस मिनिटांत किती पाय रेषेच्या पुढे गेले ते कुणीच लिहून ठेवत नाही.

मिचेलचा पाय सापडला कारण मॅच अटीतटीची झाली. म्हणून फुली फक्त त्यालाच मारणं मला पटत नाही, बाकीची पानं तपासलीच गेली नाहीत. तुमचा 'वाद' रकाना कोरा आहे म्हणजे वाद नाही असं धरू नका.

---

वहीवाली

पटलं दादा, आणि भावालाही पटलं, त्याने लाल पेन परत दिला.

आत्ताच पान पूर्ण केलं. फुली नाही. वाद रकान्यात लिहिलं: "५६ नंतरची बास्केट, पाय रेषेपुढे, रिपोर्टमध्ये मान्य. ५६ + २ + १३." आणि बाकीच्या सगळ्या पानांवर जिथे तो रकाना कोरा होता तिथे पेन्सिलने "तपासणी नाही" असं लिहायला घेतलंय. चार पानं झाली, लिलर्डचं आता करतेय. बुकरच्या पानावर मुद्दाम केलेल्या फाउलांचं लिहायचंय पण शेवटच्या मिनिटात नक्की किती केले ते बघायला पूर्ण मॅच लागेल, कुणाकडे त्या मॅचचा पूर्ण प्ले-बाय-प्ले (क्रमाने काय काय घडलं त्याची नोंद) असेल तर इथे टाका प्लीज.