लडाख-स्पीतीच्या मोटारप्रवासासाठी खात्रीचे जीपीएस यंत्र कोणते घ्यावे?

वाटसरू_नाशिक
येत्या जुलैमध्ये नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनाली, केलाँग, सरचूमार्गे लेहला जाण्याचा आणि परतताना कुंझुम खिंडीतून काझाला उतरण्याचा आमचा बेत आहे. सोबत आईवडील असल्यामुळे वाट चुकून तास-दोन तास फुकट घालवणे परवडणार नाही. या मार्गावर बराच वेळ मोबाइलचे नेटवर्क नसते, शिवाय महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, असे समजले. त्यामुळे स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे असा विचार आहे. जाहिरातींत कुणी चार उपग्रहप्रणाली सांगतो, कुणी दुहेरी वारंवारता, कुणी भारताची स्वतःची उपग्रहप्रणाली ‘नाविक’. यांतले प्रवासात खरोखर उपयोगी काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटमाथा
सिमची माहिती बरोबर आहे. एक तरी पोस्टपेड क्रमांक सोबत ठेवावा. मात्र उपग्रहांचे संकेत घेण्यासाठी सिम किंवा इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नेटवर्क नसले तरी आपल्या फोनला स्वतःचे स्थान कळतेच. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली नकाशाची: तो आधीच उतरवून घेतलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवर केवळ एक निळा ठिपका दिसतो. दुसरी अडचण फारशी कुणी सांगत नाही, ती पहिल्या स्थाननिश्चितीची. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो आणि ती साधारण चार तास उपयोगी पडते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला मात्र साडेबारा मिनिटे लागतात. शहरात फोन ही माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, म्हणून आपल्याला तो चपळ वाटतो. नेटवर्क नसलेल्या दरीत रात्रभर बंद असलेला फोन सकाळी सुरू केला, तर त्याला ही माहिती थेट आकाशातून गोळा करावी लागते, आणि त्या वेळी गाडी चालू असेल व एका बाजूला कडा असेल तर ती पुन्हापुन्हा तुटते. म्हणून निघण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली गाडी काही मिनिटे उभी ठेवून स्थान पक्के होऊ द्यावे.

दुहेरी वारंवारतेला मी उपग्रहप्रणालींच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्व देतो. उपग्रह ज्या वेगवेगळ्या वारंवारतांवर संकेत देतात, त्यांपैकी एल-१ सोबत एल-५ वरचेही संकेत घेणारे यंत्र कड्यांवरून परावर्तित होऊन आलेले संकेत अधिक चांगले ओळखते, आणि अरुंद दरीत चूक होते ती मुख्यतः या परावर्तनामुळेच.

डिझेल_आणि_डोंगर
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु खरेदीचा प्रश्न मी वेगळ्या बाजूने पाहतो. प्रवासात यंत्रे निकामी होतात ती बहुधा उष्णतेमुळे किंवा विजेअभावी. काचेमागे उन्हात ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो. माझा सल्ला असा, की घरातला जुना फोन केवळ नकाशासाठी राखून ठेवावा, त्यात ऑस्मँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या इंटरनेटविना चालणाऱ्या नकाशा-ॲपवर हिमाचल व लडाखचे नकाशे उतरवून घ्यावेत आणि तो एसीच्या झोताजवळ बसवावा. जोडीला गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतले एखादे साधे हातातले यंत्र असावे. ईट्रेक्स २२एक्स दोन एए सेलवर सुमारे २५ तास चालते. पडदा लहान असल्याने त्यावर पाहत गाडी चालवणे अशक्य आहे, पण आलेल्या वाटेची नोंद ठेवून त्याच वाटेने परत फिरायला ते पुरेसे आहे. थंडीसाठी लिथियमचे सेल घ्यावेत. मोठ्या पडद्याच्या महागड्या यंत्रावर खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

यंत्र कोणतेही असो, दोन गोष्टी घरीच तपासाव्यात. काही गाड्यांच्या उष्णतारोधक काचेवर धातूचा सूक्ष्म थर असतो आणि तो संकेत अडवतो. तसेच उपग्रहांचा संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे हलक्या प्रतीचा कार-चार्जर किंवा लगतचा डॅशकॅमदेखील त्यात व्यत्यय आणतो. चार्जर काढून व लावून, दोन्ही वेळा किती उपग्रह दिसतात ते पाहावे.

उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नये. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, म्हणून तिला समुद्रसपाटीनुसार दुरुस्ती न करणारी काही ॲप्स कोकणच्या किनाऱ्यावर उणे साठ मीटरहून खालची उंची दाखवतात!

सह्यवारा
एक आवश्यक सूचना. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे, उदाहरणार्थ गार्मिन इनरीच, किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये एका परदेशी प्रवाशाला अशाच यंत्रामुळे ताब्यात घेण्यात आले होते. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या साध्या जीपीएस यंत्राची गोष्ट वेगळी आहे. परदेशातील नातेवाइकांकडून काही मागवत असाल, तर मॉडेलचे नाव नीट पाहून घ्यावे.

वाटसरू_नाशिक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना फोन घरात आहेच, ईट्रेक्सची चौकशी करतो. ‘नाविक’विषयी मात्र कुणी लिहिले नाही.

घाटमाथा
केवळ ‘नाविक’साठी अधिक पैसे मोजू नयेत. त्याचे पहिल्या पिढीतले उपग्रह एल-५ व एस पट्ट्यांवर संकेत देतात, त्यामुळे फक्त एल-१ वर चालणाऱ्या यंत्रांना ते दिसत नाहीत. एल-१ ची सोय मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहापासून सुरू झाली. आधीच्या काही उपग्रहांची अणुघड्याळे (अचूक वेळ देणारी घड्याळे, ज्यांवाचून स्थान काढता येत नाही) बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. एल-५ घेणाऱ्या फोनमध्ये ‘नाविक’ आयतेच मिळत असेल, तर उत्तम.