गावात राहून बिटकॉइन सांभाळायचं कसं? अन् अर्धं विकू का?

संत्रावाला_वरूड
९ मार्च २०१४, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. वरूडपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. घरचा तीन एकर संत्रा आहे, अन् मी घरी बसून वेबसाइटची कामं करतो. गेल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या एका दुकानदाराचं काम केलं. परदेशातून पैसे खात्यात कसे मागवायचे, हे गावाकडच्या बँकेत कोणाला सांगता येईना. तीन चकरा झाल्या. शेवटी तो माणूस म्हणाला, बिटकॉइन घे, म्हणजे इंटरनेटवरचं चलन, मधे बँक लागत नाही. मी १.४ घेतले. तेव्हा त्याचे साडेअकरा हजार रुपये होत होते. नोव्हेंबरात एका बिटकॉइनचा भाव हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा मला झोप लागत नव्हती. आता तो सहाशेच्या थोडा वर आहे.

पण भावापेक्षा मला दुसरंच विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. त्यात सातबारा, फेरफारची नक्कल, आईची पोत अन् एका पतसंस्थेचं पासबुक. बाबांनी संत्र्याचे ६२,००० रुपये त्या पतसंस्थेत ठेवले होते. ती बुडाली. पासबुकातली शेवटची नोंद निळ्या शाईची आहे, बाजूला गोल शिक्का, शिक्क्यावर सही. कुठे खाडाखोड नाही. बाबा अजूनही ते फेकू देत नाहीत.

बिटकॉइनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तेच पासबुक आठवलं. इथे वही कोण्या सचिवाच्या कपाटात नसते. हजारो लोकांच्या संगणकांवर तीच वही असते, साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवं पान जोडलं जातं. कोणाला मागचं पान बदलायचं असेल तर त्याच्या पुढची सगळी पानं नव्याने लिहावी लागतात, तीही बाकी सगळे मिळून लिहितात त्याहून लवकर. मला हे इतकं पटलं की मी बाबांना समोर बसवून कागदावर चौकोन काढून समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे याच्यात अध्यक्षच नाही? मंग बुडवते कोन?"

अन् २८ फेब्रुवारीला टोकियोचं माउंट गॉक्स, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ, दिवाळखोरीत गेलं. लोकांचे साडेसात लाख बिटकॉइन अन् त्यांचे स्वतःचे एक लाख गायब. वही तर शाबूतच आहे, पण लोकांनी आपल्या किल्ल्या, म्हणजे बिटकॉइन खर्च करायला लागणारे गुप्त आकडे, त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. फिरून पतसंस्थाच झाली ना ही!

माझी किल्ली माझ्याच जवळ आहे, पण काळजीही तिचीच. इथे लाइट गेली अन् आली की व्होल्टेज असं उसळतं की डिसेंबरात माझी एक हार्ड डिस्क जळाली. डोंगलला रेंज टूजीची. पूर्ण वही दहा जीबीच्या वर गेली आहे, ती उतरवणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून इलेक्ट्रम वापरतो, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याला वॉलेट म्हणतात. ते बारा इंग्रजी शब्द देतं, संगणक जळाला तरी त्या शब्दांवरून सगळं परत मिळतं. ते शब्द वहीच्या पानावर लिहून पेटीत ठेवले आहेत. मागच्या पावसाळ्यात त्याच पेटीला खालून उधई लागली होती. अन् उद्या मलाच काही झालं तर? बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तेच शब्द मराठी अक्षरांत लिहून ठेवू का?

त्यात परवाच्या गारपिटीने मृग बहाराचा संत्रा झोपवला. झाडाखाली नुसता सडा पडला आहे, फळाला गाराचा डाग लागला की व्यापारी हात लावत नाही. फवारणी अन् मजुरीला पैसे लागणार. अर्धे बिटकॉइन विकावे म्हणतो. कोणी विकले असतील तर सांगा.

---

ग्राफिककार्ड_नागपूर
१० मार्च २०१४, सकाळी ८.०५

भाऊ, होत असेल तोवर विकू नको. मी २०१२ मध्ये दोन ग्राफिक कार्डांवर माइनिंग सुरू केलं, म्हणजे वहीला नवी पानं जोडायचं काम, त्याचे नवे बिटकॉइन मिळतात. नागपूरचा मे महिना, खोलीत कूलर, तरी दुपारी कार्डं तापून बंद पडायची. मागच्या वर्षी फक्त माइनिंगसाठी बनवलेली यंत्रं आली अन् आमची कार्डं बाद झाली. तरीही माझा विश्वास हलला नाही, कारण नियम सगळ्यांना एकच आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत. आधी एका पानामागे ५० नवे मिळायचे, नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचे २५ झाले, पुढेही ते असेच निम्मे होत जातील. कोणा मंत्र्याच्या सहीने यात एकही वाढत नाही.

अन् तू पासबुकाचं लिहिलंस ते वाचून अंगावर काटा आला. ३ जानेवारी २००९ च्या अगदी पहिल्या पानात बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशी नाकामोतोने लंडनच्या टाइम्सचा त्या दिवशीचा मथळा घालून ठेवला आहे: बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असलेल्या अर्थमंत्र्याचा. बुडत्या बँकांकडे पाहूनच तो घातला असावा रे.

विकायचेच झाले तर आधी मला विचार. चालू भावाने रोख देतो.

---

निवृत्त_गटसचिव
१० मार्च २०१४, दुपारी ३.४०

मी अकोट तालुक्यात सेवा सहकारी सोसायटीत ३१ वर्षं काढली. वही मी पण लिहिली आहे, म्हणून या वहीचं कौतुक मलाही वाटतं. पण वही खरी असणं वेगळं अन् तिच्यात लिहिलेल्या वस्तूला मोल असणं वेगळं. शेतात पीक येतं. नोटेने शेतसारा भरता येतो. बिटकॉइन फक्त पुढचा घेणारा आहे तोवर चालतं. २०१० च्या मे महिन्यात अमेरिकेत एका माणसाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतले, तेव्हा ते निदान खर्च तरी होत होतं. आता तुम्ही सगळे धरून बसला आहात. जे कोणी खर्चच करत नाही त्याला चलन म्हणायचं कसं, हे मला कोणी समजावून सांगावं. रिझर्व्ह बँकेनेही २४ डिसेंबरला लोकांना सावध केलं आहे, ते नीट वाचा.

आणखी एक, मनापासून. बँकेतल्या ठेवीला ठरावीक रकमेपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला नसतो. हे तुमच्या वडिलांना पैसे भरायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगणं आम्हा सहकारातल्या लोकांचं काम होतं. आम्ही केलं नाही.

बागेला पैसे लागत असतील तर विका, पोरा. झाड वाचलं तर पुढचा बहार येईल.

---

सेतूकेंद्र_नेर
१० मार्च २०१४, रात्री ९.१५

दादा, पहिली गोष्ट म्हणजे कागद कुठे ठेवला आहे हे इथे लिहायला नको होतं. आजच्या आज जागा बदला.

मी रोज लोकांची कागदपत्रं हाताळते, त्यावरून सांगते. शब्द मराठी अक्षरांत लिहू नका. इलेक्ट्रमच्या यादीत 'नो' आहे, म्हणजे माहीत असणे या अर्थाचा, के-एन-ओ-डब्ल्यू वाला. मराठीत लिहिला तर वाचणारा तो एन-ओ असा टाकेल अन् वॉलेट उघडणार नाही. इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लिहा, शब्दापुढे क्रमांक टाका, अन् पेन्सिलने लिहा. जेलच्या शाईचे कितीतरी कागद ओल लागून फुटलेले मी पाहिले आहेत. बाबांना शब्द वाचायची गरज नाही. हा कागद कोणाकडे घेऊन जायचा, एवढंच एक नाव त्यांना पाठ करून द्या. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही, मोबाइलने फोटो काढायचा नाही.

अन् सगळ्यात महत्त्वाचं. नवीन वॉलेट करा, त्यात आधी ०.०१ च टाका, मग ते वॉलेट पुसून टाका अन् कागदावरच्या शब्दांवरून परत आणून पाहा. आलं, तरच बाकीचे टाका. हे न करता "कागद आहे ना" म्हणणारे खूप आहेत.

---

संत्रावाला_वरूड
२४ मार्च २०१४, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार, विशेष करून नेरच्या ताईंचे. ०.०१ टाकून वॉलेट पुसलं तेव्हा हात थरथरत होता. पहिल्यांदा परत आलंच नाही. सातव्या शब्दात मी 'ए' च्या जागी 'ओ' लिहिला होता, अन् हाच कागद जपून ठेवणार होतो! नवा कागद केला. तो कुठे आहे ते लिहीत नाही.

नागपूरचा भाऊ काल वरूडला आला. ०.७ विकले, २३,५०० रुपयांना. बाबा सोबत होते. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बसून मी फोनवरून पाठवले, अन् व्यवहार वहीत चढायची वाट पाहत बसलो. आधीच ठरलं होतं, सहा पानं चढून व्यवहार पक्का होईपर्यंत पैसे टेबलावर राहतील, कोणी उचलणार नाही. पहिलं पान यायलाच वीस-बावीस मिनिटं लागली. बाबांनी विचारलं, "आता कोनाची वाट पाहून रायलो आपन?" मी सांगितलं, कोणाची नाही, पानं चढायची. मग ते फोन माझ्या हातातून घेऊन बसले. तीन झाले, चार झाले, ते मोठ्याने मोजत होते. चारची गाडी लागली, कंडक्टरने घंटी दिली, मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस खाली. दोन रायले."

गॉक्सला म्हणे जुन्या वॉलेटमध्ये दोन लाख बिटकॉइन सापडले. ते लोकांना परत मिळोत. गटसचिव काका, तुमच्या खर्च करण्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, पण माझ्या ०.७ ची फवारणी होणार आहे, एवढं खरं. अन् विम्याचं तुम्ही जे लिहिलं ते मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या मास्तरले माहा नमस्कार लिही.

सहावं पान झाल्यावर त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या अन् पुढच्या गाडीत बसल्यावर विचारलं, "अन् बाकीचं कवा इकतं?"

आंबिया बहार किती टिकतो ते पाहून, म्हटलं.