पीएनजी डॉट एच सापडत नाही म्हणतंय, लायब्ररी तर आहे की!

मागवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. घरचे चार माग आहेत, चादरीचं डिझाईन वडील अजून चौकटीच्या कागदावर काढतात अन् मग त्याच्यावरनं जकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डं पंच होतात. म्हटलं चित्रावरनं डायरेक्ट भोकांचा तक्ता काढणारा छोटा प्रोग्राम सी मध्ये लिहू. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल टाकलं, जीसीसी (सी चा कंपायलर) चालू झालं, हॅलो वर्ल्ड पण आलं. पण पीएनजी वाचायला गेलो की पहिल्याच ओळीला 'पीएनजी डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. लिबपीएनजी, म्हणजे पीएनजी चित्रं वाचायची लायब्ररी, सिस्टीममध्ये आहे, मी स्वतः बघितलं. दोनदा उबुंटू परत टाकून झालं, मोबाइलचा डेटा सगळा त्यातच गेला. काय करू?

रिकामटेकडा:
विंडोजवर कर ना, कुठल्यातरी साइटवरनं डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) उतरवायची अन् फोल्डरमध्ये टाकायची, झालं.

शेंगाचटणी:
वरच्याचं ऐकू नको, असल्या डीएलएलसोबत अजून काय काय येतं देव जाणे. विंडोजवरच करायचं तर एमसिस-टू (विंडोजवर जीसीसी अन् असल्या लायब्रऱ्या देणारा संच) टाकून त्याच्या पॅकमन या इन्स्टॉलरने घे. पण उबुंटू परत कशाला टाकलं बे! तुझ्याकडं आहे ती लायब्ररी नुसती तयार प्रोग्राम चालवायला पुरते. कंपाइल करताना हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी, तुझी पीएनजी डॉट एच तीच) लागते अन् उबुंटूवर ती वेगळ्या पॅकेजात असते, नावाच्या शेवटी 'डेव्ह' लावलेलं. चादर पांघरायला नुसती चादर पुरते, तसलीच दुसरी विणायची तर डिझाईनचा कागद लागतो की नाही, तसं. 'सुडो ऍप्ट इन्स्टॉल लिबपीएनजी-डेव्ह' मार. लिबपीएनजीला झेडलिब (डेटा दाबायची-उलगडायची लायब्ररी) लागते, तिचं डेव्ह पॅकेज सोबत आपोआप येतं. फार डेटा जात नाही.

मागवाला_सोलापूर:
भाऊ, तो एरर गेला, पण आता 'अनडिफाइंड रेफरन्स टू पीएनजी-क्रिएट-रीड-स्ट्रक्ट' येलालंय अन् त्याच्याखाली तसल्याच आठ-दहा ओळी. कमांडमध्ये एलपीएनजी (लिबपीएनजी जोड असं सांगणारं) लिहिलंय की.

शेंगाचटणी:
कुठं लिहिलंयस? फाइलच्या आधी लिहिलं असशील.

मागवाला_सोलापूर:
हो, आधी.

शेंगाचटणी:
मग बरोबर आहे. लिंकर, म्हणजे तुझा कोड अन् लायब्ररी जोडणारा, कमांड डावीकडनं उजवीकडं वाचत जातो. लायब्ररी दिसली तेव्हा तिच्यातलं कुणी काही मागितलेलंच नव्हतं, त्यानं ती सोडून दिली, मग तुझी फाइल आली अन् मागायला लागली. आधी डिझाईन डॉट सी, मग एलपीएनजी. ही चूक माझी पण एक अख्खी रात्र खाऊन गेलीय, एररमध्ये क्रमाबद्दल अवाक्षर नसतंय.

मागवाला_सोलापूर:
झालं राव!! तक्ता निघाला. वडिलांना दाखवला तर चष्मा वर करून म्हणले, काठावरचं नाव उलटं पडंल. लिबपीएनजी वरची ओळ आधी देतं अन् आमच्यात खालची आधी विणतात. आता लूप शेवटच्या ओळीपासनं फिरवतो.