मॉवर तापतो, त्यात उन्हाचा दोष किती?

अक्कलकोटरोडकर
सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या आवारातलं लॉन माझ्याकडे आहे. बसून चालवायचा मॉवर, म्हणजे गवत कापायचं मशिन, दोन सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा. एप्रिल लागला की तक्रार ठरलेली. थोडा वेळ चालतो, मग दम टाकतो, जळका वास येतो, बंद पडतो. कारणही ठरलेलं: "साहेब, ऊन बघा की." माझं म्हणणं असं की ऊन हे निमित्त आहे. इंजिन तापतं ते वरचा पत्रा, म्हणजे इंजिनावरचं कव्हर, वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही म्हणून.

हिशेब करून बघा. चालत्या इंजिनाचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) २०० अंश धरू. बाहेर ३० असेल तर फरक १७०, बाहेर ४३ असेल तर १५७. फिन्समधली (सिलिंडरभोवतीच्या पातळ पट्ट्यांमधली) उष्णता बाहेर जाते ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे भर मे महिन्यात थंडावा घटतो तो दहा टक्क्यांच्या आतच. पण फिन्सच्या फटीच बुजल्या तर तिथे वारा पोचतच नाही, मग महिना डिसेंबर असो नाहीतर मे.

आमचा पत्रा उतरवला तेव्हा उजव्या सिलिंडरवर गवत, मागाची रुई आणि ऑईल यांचा थर बसलेला. स्क्रू-ड्रायव्हरने उचकला तर नमद्यासारखा अख्खा निघाला, फिन्सचे वळ त्यावर उमटलेले. वरच्या जाळीतून बघितलं असतं तर सगळं चकाचक. आपल्याकडे रुई हवेतच असते, आणि फ्लायव्हीलचा पंखा ती ओढून घेतो. इतर गावांत नुसतं गवत असतं, इथे त्याला धागा मिळतो.

सीटवरचा माणूस
दहा टक्के म्हणे. कागदावर. एकदा बारा वाजता त्या सीटवर बसून दाखवा की साहेब.

४३ हे हवामान खात्याचं सावलीतलं. मशिन उभं असतं फरशीच्या पार्किंगमध्ये, बॉनेटखाली आधीच भट्टी. इंजिनने टाकलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पंखा तीच परत ओढतो. तुमच्या गणितात बाहेरची हवा ४३, इंजिनच्या तोंडाशी किती ते कुणी मोजलं?

दुसरं म्हणजे वेळ. सकाळी स्प्रिंकलर चालतात, म्हणून आम्हाला परवानगी दहानंतर. तोवर वरून ऊन आणि खाली गवत अजून ओलं. ओलं गवत डेकला (ब्लेडवरच्या झाकणाला) चिकटतं, ब्लेडवर लोड येतो, फेरे कायम राखणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, इंजिन तापतं. वर ब्लेडला धार लावायला सांगितलं की "पुढच्या महिन्यात". हे सगळं सोडून नुसता पत्रा धरून बसलाय. आम्ही एका साइटवर पत्राच काढून ठेवला होता, काही बिघडलं नाही. उलट हवा मोकळी लागते.

चेतकवाले मेस्त्री
वरच्या भावाला एकच सांगतो, पत्रा काढून चालवू नकोस. माझी अर्धी हयात चेतक स्कूटरवर गेली. तिथंही हाच प्रकार, फ्लायव्हीलवर पंखा आणि वरून कव्हर. पोरं कव्हर काढून फिरायची, "लई थंड राहतं" म्हणायची, आणि पिस्टन धरला की माझ्याकडं यायची. पंख्याचा वारा आपणहून सिलिंडरकडं जात नाही बे, त्याला पत्रा वाट दाखवतो. पत्रा काढला की वारा चारी दिशेला उधळतो आणि फिन्सच्या मागल्या बाजूला काहीच पोचत नाही. वर उघडं फ्लायव्हील फिरतंय, त्यात पँट अडकली तर?

आणि आणखी एक. तापतंय म्हणून पोरं थ्रॉटल कमी करतात. उलटं करताय. पंखा इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरतो. लोड तेवढाच ठेवून फेरे कमी केले की वारा कमी. गवत कापताना थ्रॉटल पूर्ण, आणि वेग कमी करायचा तो चाकाचा, गाडी हळू हाका. ही इंजिनं साधारण ३६०० फेऱ्यांच्या हिशेबानंच बांधलेली असतात.

पाण्याचा प्रेशर मारून धुणारेही इथं असतील. पत्रा न काढता पाणी मारलं की कचरा आत जाऊन बसतो, वाळला की सिमेंट. काळ्या मातीची धूळ असेल तर बघायलाच नको. पत्रा काढा, लाकडी काडीनं खरवडा, मग कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारा.

जुळे सोलापूर
सगळेच पेट्रोलबद्दल गप्प का? आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोलच्या भोकातून) मिश्रण पातळ जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रण गरम जळतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो. मॉवरच्या कार्बोरेटरचा जेट ठराविक भोकाचा, त्याला काय कळणार? अशा बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतं. त्यात मशिन पावसाळाभर पेट्रोलसकट उभं राहिलं तर जेटमध्ये डिंक साचतो, मिश्रण आणखी पातळ. फिन्स कितीही घासा, प्लग पांढराफटक निघाला तर दोष तिथे नाही.

ओळखायची खूण: लोड नसताना इंजिन वर-खाली, वर-खाली करतंय आणि चोक थोडा ओढला की शांत होतंय, तर मिश्रण पातळ आहे. कार्बोरेटर उघडा, इनटेकचं गॅसकेट बघा. तिथून हवा ओढली जात असेल तरी हेच होतं.

अक्कलकोटरोडकर
@जुळे सोलापूर, पेट्रोलचा मुद्दा मान्य, पण आमच्या मशिनला लागू नाही. कार्बोरेटर एकच आहे, दोन्ही सिलिंडरला तेच मिश्रण जातं. लेझरवाल्या थर्मामीटरने दोन्ही हेड प्लगजवळ, एकाच जागी बघितली. उजवं डाव्यापेक्षा चाळीसेक अंशांनी गरम. पेट्रोल वाईट असतं तर दोन्ही सारखीच तापली असती. एकच बाजू तापते तेव्हा त्या बाजूचा वारा अडलाय, नाहीतर तिथलं हेड गॅसकेट किंवा टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) बघायचं. कचरा काढल्यावर फरक जवळजवळ मिटला. (हे थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर कमी दाखवतं, काळ्या रंगाचा एक ठिपका देऊन त्यावर मोजा.)

@सीटवरचा माणूस, स्प्रिंकलरचं खरं आहे. ते संध्याकाळी लावायचं मी बोलतो. बॉनेटखालची हवा परत ओढली जाते हेही होत असेल, पण ते डिसेंबरमध्येही होतंच की.

बागेचं काय
मूळ प्रश्नच कुणी विचारत नाही. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे एकरभर लॉन कशाला? उजनीचं पाणी गवतावर ओतायचं, मग ते कापायला पेट्रोल जाळायचं. कडुलिंब लावा, सावलीही मिळेल आणि मॉवरही विकता येईल.

चेतकवाले मेस्त्री
@बागेचं काय, ते मालकाला सांगा. आमच्याकडं मशिन येतं ते दुरुस्त करणं आमचं काम.

ऑईलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. आपल्या उन्हात साधं तीस नंबरचं, म्हणजे एसएई ३०, चालतं. १०डब्ल्यू-३० घातलं तर २७ अंशांच्या वर हवेवरची इंजिनं ऑईल जास्त खातात, मग पातळी घसरते आणि कुणाचं लक्ष नसतं. हवेच्या इंजिनात थंड करायचं बरंच काम ऑईलही करतं असं समजा. पण भीतीपोटी जास्तही भरू नका. फेसाळतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरवर येतं, आणि बाहेर गळालं की फिन्सवर तेलकट थर. त्यावर रुई बसते. साहेबांचा नमदा तिथूनच आला असणार, त्यांनी गळती शोधली का ते काही लिहिलं नाही.

टेस्टर
सगळ्यांना थांबवतो. "गरम झालं की बंद पडतं" म्हणजे इंजिनच तापलंय असं कुणी ठरवलं? गरम झाल्यावर इग्निशन कॉइल स्पार्क सोडते, थंड झाली की परत सुरू. किंवा टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असतं, आत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही. लक्षण तेच, खर्च वेगळा.

बंद पडलं त्या क्षणी, थंड व्हायच्या आत, दोन गोष्टी बघा. झाकण सैल करा: सुस्कारा येऊन इंजिन सुरू झालं तर झाकण बदला. नाहीतर प्लग काढून, वायरला जोडून, बॉडीला टेकवून स्पार्क बघा. नसेल तर कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर बहुतेक इंजिनांना ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर लागतं, व्हिजिटिंग कार्ड घालून बसवतात. स्पार्कही आहे आणि पेट्रोलही, तेव्हा मग फिन्सकडे वळा. पत्रा उतरवायला अर्धा दिवस जातो, झाकण सैल करायला क्षणभर.

अक्कलकोटरोडकर
गळती शोधली. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट होतं. टेस्टरची पद्धत बरोबर आहे, पण आमच्याकडे जळका वास येत होता, तो कॉइलने येत नाही.

सीटवरचा माणूस
पत्रा परत बसवतो, मेस्त्रींचं ऐकून. तुमचं ऐकून नाही. आणि एक बोलू का, कराराच्या कागदात गवत कापायचा दर चौरस फुटावर आहे. पत्रा उतरवणं, फिन्स घासणं, गॅसकेट बदलणं यातलं एकही त्यात नाही. वर त्या बोल्टांपैकी दोन गंजून गोल झालेत, ते ड्रिल मारूनच काढावे लागतील. "कुणी उघडत नाही" म्हणता, उघडायचे पैसे कुणी लिहिलेत?

अक्कलकोटरोडकर
सीझनला दोन वेळा, लेबर धरून किती लागतील ते सांगा. सोमवारी स्टोअरला कागद पाठवतो. बोल्ट आमच्याकडून.