एक १६ जीबी की दोन ८ जीबी?

नव्या संगणकासाठी आपण विचारलेली यादी, म्हणजे रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ग्राफिक्स कार्ड तूर्त नाही, ही एरवी योग्य आहे. बदल सुचवायचा तो फक्त रॅममध्ये. या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसल्याने ते रॅमच वापरते, आणि एकाच पट्टीवर तिचा डेटा वाहून नेण्याचा वेग निम्मा होतो. त्यामुळे ८ जीबीच्या, ३२०० वेगाच्या दोन डीडीआर४ प्रकारच्या रॅम-पट्ट्या घ्याव्यात. मदरबोर्डवर चार खाचा असतील, तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या बसवायच्या असतात. मी पहिल्या खेपेस शेजारशेजारच्या खाचांत बसवून महिनाभर ‘संगणक मंद आहे’ म्हणून कुरकुरत होतो.

दुकानदार ‘जी’ नसलेला ५६०० सुचवील, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण त्यात ग्राफिक्स नाही आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरांचेही तसेच. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर मात्र विसंबू नये. पॉवर सप्लायवरचा ‘८० प्लस’ हा शिक्काही कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे.