जिनिव्हा आणि बांडुंग: नव्या चीनला परिषदांनी नेमकं काय दिलं?

रेशीमवाट
माझं ठाम मत: कम्युनिस्ट चीनची कोंडी फुटली ती परिषदांमुळे. १ फेब्रुवारी १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कोरियाप्रकरणी त्याला आक्रमक ठरवलं, मे महिन्यात युद्धसामग्रीवर बंदी आली. आणि १९५४च्या एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय कोरिया आणि इंडोचायनावरच्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) जिनिव्हा परिषदेत बड्या राष्ट्रांच्या पंक्तीला बसले होते.

कलमबहाद्दर
पंक्तीला बसले, पण पाहुणे म्हणून. बर्लिनमध्ये बड्या राष्ट्रांच्या बैठकीत या परिषदेचं निमंत्रण ठरलं तेव्हाच मजकुरात नोंद होती की बोलावणं म्हणजे मान्यता नव्हे. कोरियावरची बोलणी १५ जूनला निष्फळ संपली. संयुक्त राष्ट्रांतली जागा मिळायला १९७१चा ऑक्टोबर उजाडला. खरी कमाई द्विपक्षीय होती: १४ फेब्रुवारी १९५०चा सोव्हिएत करार, आणि २९ एप्रिल १९५४चा भारताबरोबरचा तिबेटविषयक करार. पंचशील, म्हणजे शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वं, त्याच कराराच्या प्रस्तावनेत आहे, हे आपल्याकडे फार विसरलं जातं.

रेशीमवाट
तुम्ही परिषदा आणि द्विपक्षीय संबंध वेगळे काढताय, तिथेच चूक होते. ब्रिटनने जानेवारी १९५०मध्येच मान्यता दिली होती, पण राजदूतावास-प्रभारींची देवाणघेवाण ठरली १९५४च्या जूनमध्ये, जिनिव्हातल्या भेटीगाठींतून. इंडोनेशियातल्या बांडुंगला १९५५च्या एप्रिलमध्ये झालेल्या आशियाई-आफ्रिकी परिषदेत २९ देश होते आणि निर्णय सर्वसहमतीने व्हायचे, म्हणजे एकही देश बिथरला तर मसुदा अडणार. कम्युनिझमवर टीका झाल्यावर चाऊंनी तयार भाषण छापील स्वरूपात वाटलं आणि १९ एप्रिलला पूरक भाषण केलं: आम्ही भांडायला नाही, समान मुद्दे शोधायला आलो आहोत. तीन दिवसांनी इंडोनेशियाशी दुहेरी नागरिकत्वाचा करार झाला. आग्नेय आशियाला तिथल्या चिनी वस्तीची जी धास्ती होती, तिला हे थेट उत्तर होतं. २३ तारखेला अमेरिकेशी बोलण्याची तयारी जाहीर केली, १ ऑगस्टपासून राजदूत पातळीवर बोलणी सुरू.

तेरावी रेषा
जिनिव्हाची किंमत कोणी मोजली तेही लिहा: व्हिएतनामने. फ्रेंचांशी लढणाऱ्या, हो चि मिन्ह यांच्या व्हिएतमिन्हने आधी विभागणीची रेषा १३व्या अक्षांशावर मागितली, मग १४, मग १६; ठरली १७. निवडणुका सहा महिन्यांत हव्या होत्या, मिळाली दोन वर्षांनंतरची तारीख. १९५४च्या जुलैच्या सुरुवातीला चीनमधल्या लिउचौमध्ये चाऊंनी हो चि मिन्ह यांना अमेरिकी हस्तक्षेपाची भीती सांगून तडजोडीला राजी केलं. अंतिम जाहीरनाम्यावर कोणाचीच सही नाही, अमेरिकेने फक्त नोंद घेतली. युद्धबंदीच्या देखरेख आयोगात भारत, कॅनडा, पोलंड. अध्यक्षपद भारताकडे, पण अंमलबजावणीचा अधिकार शून्य. १९५६च्या निवडणुका झाल्याच नाहीत.

कलमबहाद्दर
हा मुद्दा मला पटतो, आणि तो माझ्या बाजूचा आहे. सही नसलेल्या कागदावर चीनने मित्राची जमीन सोडायला लावली.

रेशीमवाट
चीनच्या दक्षिण सीमेवर अमेरिकी फौजा तेव्हा आल्या नाहीत. कोरियातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला त्या घडीला तेच हवं होतं. व्हिएतनामवर अन्याय झाला, हे मात्र मी नाकारत नाही.